फिनलंडचं घर बघून आलो

फिनलंडला न गेलेल्या वाचकांसाठी हे लिहितो आहे. मीही फिनलंडला गेलेलो नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, म्हणजे नंतर कुणाची तक्रार नको. पण फिनलंडपायी मी मे महिन्याच्या उन्हात तीन दिवस हिंडलो, दोन ताटं तांबडा-पांढरा रस्सा ओरपला, पोहे किती खाल्ले ते आठवत नाही, आणि शेवटी एका दगडावर चढलो. आमच्या ओळखीचे एक गृहस्थ तिकीट काढून तिकडे आठ दिवस राहून आलेत. त्यांना विमानतळाची फरशी किती गुळगुळीत होती यापलीकडे काही सांगता येत नाही. त्यामानाने माझ्याकडे ऐवज बरा आहे.

राजारामपुरीत माझा छापखाना आहे. तीस वर्षं लग्नपत्रिका छापतोय. माझी मुलगी प्रज्ञा लहानपणी कागदाच्या रिमांवर झोपायची, रिमांवर बसून अभ्यास करायची. मोठी होऊन ती केमिकल इंजिनिअर झाली आणि एक दिवस म्हणाली, "पपा, लाकडापासून कागद कसा करतात आणि अजून काय काय करता येतं, ते मला फिनलंडला जाऊन शिकायचंय." अर्ज केला, प्रवेश मिळाला. येणार की नाही ते रविवारी संध्याकाळी साडेपाचच्या आत कळवायचं होतं. तिथं तेव्हा दुपारचे तीन वाजतात म्हणे. पत्र आलं त्या दिवशी गल्लीत पेढे मीच वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून तिला नको कसं म्हणायचं याचा विचार करायला लागलो.

सरळ नको म्हणायची सोय आमच्या घरात नाही. हॉलमध्ये कोट घातलेल्या साहेबांचा फोटो आहे. आमच्या समाजातल्या प्रत्येक घरात तो असतोच. ते बोटीनं परदेशी गेले आणि शिकून आले, हे आमच्या पोरांना बाराखडीच्या आधी कळतं. त्या फोटोखाली बसून पोरीला शिकायला जाऊ नको म्हणायला वाघाचं काळीज लागतं आणि माझं छापखान्याचं आहे. फी बहुतेक माफ झाली होती, त्यामुळे तेही कारण गेलं. लोकांना एखादं स्थळ नको असलं की 'पत्रिका जुळत नाही' म्हणून मोकळे होतात. आमच्यात पत्रिका बघत नाहीत. इतरांच्या घरी हे कारण ऐकताना मला तेव्हा पहिल्यांदा हेवा वाटला.

मग मला सुचलं. मुलगी द्यायच्या आधी मुलीकडची दोन-तीन जाणती माणसं मुलाचं घर बघून येतात, ही आपली रीत. भिंती कुणी बघत नाही. शेजार कसा, पाणी कसं, आंघोळीची सोय काय, माणसं बोलकी की घुमी, हे बघतात. आणि एवढं बघितलं की एखादी खोट सापडतेच.

"आधी घर बघून येऊ, मग ठरवू," मी जाहीर केलं.

"फिनलंडचं घर?" माझी बायको सुनंदा शाळेत शिकवते, त्यामुळे तिला प्रश्न लगेच सुचतात. तिनं फोटोकडे बोट केलं. "हे गेलते तेव्हा कोण गेलतं घर बघायला?"

"तिकडं जायचं नाही. ज्यांची पोरं तिकडं आहेत, त्यांच्याकडं जायचं."

सुनंदानं कपाळाला हात लावला. प्रज्ञा मात्र म्हणाली, "चला की पपा. गाडी मी चालवते." माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं आणि डॉक्टरांनी काळा चष्मा दिला होता. पोरगी एवढ्या लवकर तयार कशी झाली, याचा मला त्यावेळी संशय यायला हवा होता.

शुक्रवार, राजारामपुरी

फिनलंड आमच्या घरापासून तीन गल्ल्यांवर सुरू होतं. एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर परदेशी शिक्षणाचं सल्ला केंद्र आहे. घर बघायला मामाशिवाय जात नाहीत, म्हणून सुनंदाचा भाऊ दिलीप बरोबर होता. त्याचं गॅरेज आहे, पण ते पोटासाठी. त्याचा खरा हातखंडा घर बघण्यात. भावकीतल्या निम्म्या पोरींची घरं त्यानं बघितली आहेत आणि त्यांतली निम्मी मोडली आहेत.

आतल्या एसीनं आम्हाला हुडहुडी भरली. टाय लावलेल्या सल्लागारानं आधी पडद्यावर फिल्म लावली. त्यात म्हणे आकाशात हिरवे-जांभळे उजेड नाचत होते. काळ्या चष्म्यातून मला काहीच दिसलं नाही.

"कसं वाटलं, अंकल?"

"अंधार चांगला होता," मी खरं ते सांगितलं.

दिलीप खुर्ची पुढं ओढून बसला. "साहेब, ते ऱ्हाऊ दे. शेजारी कोन?"

सल्लागार गोंधळला. मग त्यानं नकाशा काढला. "एका बाजूला स्वीडन, वर नॉर्वे, आणि पूर्वेला रशिया."

"रशियाचा बांध किती लांब हाय?"

"खूप मोठी बॉर्डर आहे, सर."

"दाजी, ल्ह्या," दिलीप मला म्हणाला. "बांध मोठा हाय."

मी लिहिलं. लिहायला खिशात एक बाद झालेली लग्नपत्रिका होती. तिच्यात नवरदेवाच्या जागी नवरीच्या बापाचं नाव पडलं होतं. अशा पत्रिकांची मागची बाजू मी वाया घालवत नाही.

"सर, जगातला सगळ्यात सुखी देश आहे तो," सल्लागारानं ठेवणीतलं वाक्य काढलं.

"कोन म्हन्तं?"

"सर्व्हे. तिथल्या लोकांनाच विचारतात."

"घरच्याच मानसास्नी इचारून काय कळतंय?" दिलीप हसला. "आमच्या भावकीतबी पावण्यांफुडं समदी सुखीच असत्यात की."

तुम्ही स्वतः कधी गेला होता का, असं मी विचारलं. सल्लागार म्हणाला की तो पोरं पाठवतो, स्वतः इथंच असतो, कारण त्याच्या आईला करमत नाही. हे मला इतकं पटलं की मी उठून त्याचा हात हातात घेतला. प्रज्ञा खिडकीतून बाहेर बघत होती.

खाली जिन्यात क्लासच्या पोरांच्या चपलांचा ढीग होता. एका डोळ्यानं जेवढी शोधता आली तेवढी शोधून मी चप्पल घातली आणि घरी आलो.

शनिवार, उचगाव

उचगावात सुभाषरावांचं पाईप-फिटिंगचं दुकान आहे आणि दुकानामागेच घर. त्यांचा मुलगा रोहित दोन वर्षं फिनलंडला शिकून परत आला होता. परत आलेला माणूस म्हणजे माझ्या दृष्टीनं अर्धं काम झालेलं. कंटाळून आला असणार, थंडीनं आला असणार, एकटेपणानं आला असणार, असं मी वाटेतच मनात लिहून टाकलं होतं.

दारात पायातलं काढताना रोहित माझ्या पायांकडे बघत राहिला. उजवी चप्पल माझी होती. डावी कुणा पोराची, लाल पट्ट्यांची.

"तिकडंबी घरात जाताना पायातलं दारातच काढतात, काका," तो एवढंच म्हणाला. चपलेबद्दल एक अक्षर नाही. उचगावात वाढलेल्या माणसानं अशी चप्पल बघून गप्प बसणं म्हणजे त्याला काहीतरी झालेलं असणार.

"बघितलंसा?" सुभाषराव ताटं घेता घेता म्हणाले. "आल्यापास्नं ह्यो असाच. लग्नात जेवनाच्या लायनीत हुबा ऱ्हायला, तर म्होरल्या मानसापास्नं एवढं अंतर सोडतोय की मधनं टेम्पो जाईल. मधी तिघंजन घुसली, तर त्यास्नी म्हन्तोय, या. ह्येच्यापत्तूर मटन पोचलंच न्हाय!"

आमच्यापर्यंत मात्र पोचलं. तांबडा असा होता की माझ्या ऑपरेशनच्या डोळ्यालाही पाणी आलं. दिलीपनं दुसरी वाटी संपवून चौकशीला हात घातला. खायला काय? बटाटा, मासे आणि राईची काळी, आंबूस भाकरी. आपल्या नाचणीच्या भाकरीची लांबची बहीण, पण चावायला दात लोखंडाचे हवेत, असं माझं मत झालं. माणसं कशी? बोलत नाहीत. बसमध्ये शेजारी कुणी बसलेलं असलं तर दुसरी जागा बघतात.

"आनि आंघूळीचं?" दिलीपनं मुद्द्याला हात घातला.

रोहितनं सौना सांगितला. लाकडाची खोली, तापलेले दगड, त्यावर पाणी मारायचं आणि वाफेत बसायचं.

"अंगावर काय घालून?"

"काही नाही, मामा. बायकांची वेळ वेगळी, पुरुषांची वेगळी."

दिलीपचा घास थांबला. "जी मानसं बसमधी शेजारी बसत न्हाईत, ती तिथं उघडी हून शेजारी बसत्यात व्हय?" मी टेबलाखाली पत्रिका काढून 'आंघोळ' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मग रोहित आपण होऊन बोलला. एकदा बर्फावर सायकल घसरून तो पडला. एका अनोळखी माणसानं त्याला उचललं, आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं, प्लास्टर होईपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिला आणि खोलीवर सोडून गेला. एवढ्या वेळात तो चार वाक्यं बोलला असेल. नाव त्यानं सांगितलंच नाही.

"नाव न सांगता?" दिलीप म्हणाला. "आपल्याकडं निम्म्या वाटेतच फोटो काढला असता की!" आम्ही सगळे हसलो. प्रज्ञा हसली नाही. ती विचारत होती की लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते, आणि रोहित पहिल्यांदाच भराभर बोलायला लागला होता. त्याचे हात हलत होते, डोळे मोठे झाले होते. सुभाषरावांनी भात घ्या, भात घ्या म्हणून मध्ये आवाज दिला.

निघताना मी रोहितला दुकानात एकट्याला गाठलं. तो आल्यापासून त्या दुकानात सगळे पाईप मापाप्रमाणे लावलेले होते, एकही तिरका नव्हता. मी हळूच विचारलं, "मग परत का आलास रे? त्रास झाला ना?"

"नाही काका. पप्पांनी बोलावलं."

माझी पत्रिका खिशातच राहिली. वाटेत दिलीप आज सापडलेल्या खोटी बोटांवर मोजत होता आणि मला ते ऐकवेना.

रविवार, शाहूवाडी

बांबवडे गेलं की रस्ता चढायला लागतो. भातखाचरं उन्हानं भेगाळून पडली होती आणि करवंदांच्या जाळ्यांपाशी पोरी द्रोण भरून विकायला बसल्या होत्या. प्रज्ञानं तीनदा गाडी थांबवून करवंदं घेतली. साडेपाचपर्यंत कळवायचं असलेला माणूस करवंदांसाठी तीनदा थांबतो का, हाही विचार मला सुचला नाही.

मलकापूरच्या पुढं एका वाडीत तात्या आणि आक्का हे म्हातारं जोडपं राहतं. आमच्याच समाजातले, दिलीपच्या ओळखीनं सापडलेले. त्यांचा मुलगा सिद्धार्थ चार वर्षांपूर्वी फिनलंडला शिकायला गेला आणि आता तिथंच नोकरी करतो. अंगण शेणानं नुकतंच सारवलेलं होतं. ओट्यावर पांढऱ्या टोप्या घालून चारजण ओळीनं बसले होते. आत आमच्या हॉलमधलाच फोटो होता आणि त्याला ताजा हार होता. चौकशीला आलेल्यांचा असा मान उचगावात झाला नव्हता.

मी चष्मा सावरून कामाला लागलो. मुलगा एकटा राहतो का? जेवणाचं काय करतो? पिणंबिणं? प्रत्येक प्रश्नाला टोप्या एकमेकांकडे बघून माना डोलवत होत्या आणि तात्या हात जोडून उत्तर देत होते. सुपारीचं खांड न्हाय, पावणं. सैपाक समदा स्वता करतो. आक्का प्रज्ञाला आपल्याशेजारी बसवून तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मला वाटलं, खेड्यातली माणसं प्रेमळ असतात.

"आता पोराशीच बोला की," तात्या म्हणाले. "वर दगडावं रेंज येती."

घरामागच्या चढावर एक पुरुषभर उंचीचा काळा दगड होता. सगळी वरात पोह्याच्या ताटल्या घेऊन तिथं निघाली. आक्का लुगडं खोचून, गुडघ्यावर हात ठेवत आमच्या आधी वर चढल्या. फोन लागला. पडद्यावर सिद्धार्थ दिसला. तिकडच्या सकाळी साडेनऊला, रविवार असून कोट-टाय घालून, केसांना पाणी लावून. मागं भिंतीला पडदासुद्धा लावलेला होता.

"नमस्कार," तो म्हणाला आणि चित्र गोठलं. उघड्या तोंडानं तो बराच वेळ तसाच राहिला. मग पुन्हा हलला आणि प्रज्ञाकडे बघून म्हणाला, "आईनं तुमच्याबद्दल सांगितलं. मला घाई नाही. तुम्ही आरामात विचार करा."

प्रज्ञानं माझ्याकडे बघितलं. मी दिलीपकडे बघितलं.

"दिलीप, तू फोनवर यांना काय सांगितलंस?"

"काय सांगनार? ऐतवारी घर बघाय येतो, पोरगीबी संगं हाय, म्हटलं." त्याचा आवाज खाली खाली गेला. "नेहमी सांगतो तेच की."

दगडाखाली टोप्यांत कुजबुज सुरू झाली. मी सगळा खुलासा केला, चारदा माफी मागितली. पडद्यावर सिद्धार्थनं टाय सैल केला आणि तो आणि प्रज्ञा एकदम हसायला लागले. त्यानं तिच्या विद्यापीठाचं नाव विचारलं. त्याच्यापासून ते सहा तासांवर आहे, पण कागदाचं शिकायचं तर तेच चांगलं, असं तो म्हणाला आणि फोन कटला.

आक्का हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. लेकाला बायको इथली मिळाली तर तो वर्षातनं एकदा तरी येईल, असं त्यांनी धरलं होतं. त्या मला म्हणाल्या, "म्हंजे पोरगी आमच्या घरात न्हाय, त्या देशात द्यायचीया?"

"अजून ठरलेलं नाही, आक्का. म्हणून तर चौकशी करतोय."

"ठरलं न्हाय?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "द्यायचीच नसती तर मानूस घर बघाय येत न्हाय, पावणं. गप घरात बसतो."

आमच्यामुळे त्यांची एवढी फजिती झाली, तरी जेवल्याबिगर त्यांनी सोडलं नाही. जेवण आवरता आवरता साडेचार वाजले. मी हात धुवायला मागच्या दाराशी गेलो, तर आत चुलीपाशी आक्का आणि प्रज्ञा बोलत होत्या.

"तुला जायाचं हाय का, पोरी?"

तीन दिवसांत हा प्रश्न तिला कुणीच विचारला नव्हता. आम्ही रशियाचा बांध विचारला, पण पोरीला हे विचारलं नाही.

"जायचंय," प्रज्ञा म्हणाली. "पण लई भीती वाटते, आक्का. पपांना एखादी खोट सापडेल आणि ते नको म्हणतील, म्हणून तर मी त्यांना घेऊन फिरले. त्यांनी नको म्हटलं असतं तर मग मला ठरवायलाच लागलं नसतं."

तांब्या हातात घेऊन मी तसाच उभा राहिलो. ज्याच्यासाठी तीन दिवस हिंडलो ते समोर आलं होतं. आत जाऊन 'नको जाऊ' एवढे दोन शब्द बोलायचे होते. ती रडली असती, मग जरा हसली असती, आणि आम्ही करवंदं खात घरी गेलो असतो. मला ते फार हवं होतं. मग उचगावातले ते पाईप आठवले, मापाप्रमाणे लावलेले, एकही तिरका नसलेले, आणि बोलता बोलता हलणारे त्या पोराचे हात.

मी आत गेलो. "बघितलं घर," मी म्हणालो. "बांध मोठा आहे, आंघोळीचं विचित्र आहे, माणसं घुमी आहेत. पण पडलेल्याला उचलतात."

"मग?" तिचा आवाज बारीक झाला होता.

"मग मी नाही म्हणेन याची वाट बघू नकोस. मी म्हणणार नाही. भीती मलाही वाटते, तुझ्यापेक्षा जास्त वाटते. तात्या, आता रेंज असेल का हो दगडावर?"

आम्ही दोघं दगडावर चढलो. पाच वाजून गेले होते. तिनं फोनवर ते पान उघडलं, रेंजची एक दांडी आली आणि गेली. मी फोन घेऊन हात उंच केला, चवड्यांवर उभा राहिलो, एक पाय क्लासच्या पोराच्या लाल चपलेत आणि दुसरा माझ्या चपलेत. खालून दिलीप ओरडत होता, "दाजी, डावीकडं! डावीकडं करा!" दांडी आली. मी फोन तसाच धरून ठेवला, तिनं माझ्या खांद्यावर हात टेकून, टाचा उंचावून 'हो' वर बोट ठेवलं. पडद्यावर गोल फिरत राहिलं. फिरत राहिलं. मग पानावर हिरवी खूण आली आणि प्रज्ञा माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. मला चष्म्याआड रडायची सोय होती.

ती खाली उतरली. मी वरच उभा होतो. दगडाच्या माथ्यावर पाय ठेवायच्या जागी तो गुळगुळीत झालेला होता.

"आक्का, तुम्ही किती वेळा चढता इथं?"

"दर ऐतवारी."

"गुडघे दुखत नाहीत?"

"दुखत्यात की. पर त्यो तिकडं वाट बघत बसतोय न्हवं."

मी एका डोळ्यानं पायाखालचा अंदाज घेत होतो. आक्का पुढं झाल्या, पदर सावरला आणि त्यांनी मला हात दिला.

"सावकास उतरा, पावणं. अजून सवय न्हाय तुमास्नी."